खरवडलेली नावं

"तुमचे दहा की आमचे दहा?" ऐलाने फोनवर विचारलं.

पलीकडून एक जाडसर आवाज म्हणाला, "आमचे दहा. म्हणजे तुमचे अकरा."

"मग आधीच तसं बोलायचं ना. अकराला आमच्याकडे कॉफी संपून भांडी धुतलेली असतात."

"बरं, तुमच्या दहाला येतो. म्हणजे मी इथून नऊला... नाही, आठ पन्नासला निघतो." तो हिशेबात अडकला आणि स्वतःवरच वैतागला. "आणि हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय? आपल्या खोऱ्यात तुम्ही फक्त पाद्रीबाबाला म्हणतात. नाहीतर कस्टमवाल्याला."

"ये मग तू," ऐला म्हणाली. "नकाशे आण. कॉफी मी ठेवते."

१९९१चा एप्रिल होता. फिनलंड आणि स्वीडनच्या मधून वाहणाऱ्या टोर्नियो नदीवरचा बर्फ अजून फुटला नव्हता, पण त्याच्यावरून गाडी नेणं लोकांनी बंद केलं होतं. आता पलीकडे जायचं तर पुलावरूनच. पूल ओलांडायला गाडीने दोन मिनिटं लागत. घड्याळाने मात्र माणूस एक तास मागे जाई. स्वीडनच्या काठावर घड्याळं फिनलंडपेक्षा तासाने मागे चालतात, आणि खोऱ्यातली निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

ऐला कुम्पुला फिनलंडच्या बाजूच्या नगरपालिकेत नकाशे काढायची. सत्तावन्न वर्षांची, लग्न न झालेली, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. बत्तीस वर्षं तिने त्याच खोलीत त्याच खिडकीपाशी बसून रस्ते, गटारं, शेतांच्या हद्दी काढल्या होत्या. तिचं अक्षर इतकं नेटकं होतं, की हाताने लिहिलेलं आहे हे नव्या माणसाला सांगावं लागे. तिच्या प्रत्येक नकाशात नदी यायची, नदीच्या मधून सरहद्दीची तुटक रेघ जायची, आणि रेघेच्या पलीकडे कोरा पांढरा कागद असायचा. तिथे काय आहे ते दाखवणं हे तिचं काम नव्हतं.

स्वीडनच्या बाजूच्या नगरपालिकेत नकाशे काढणारा रागनार लांतो आला तेव्हा कॉफी नुकतीच उतरवली होती. उंच, खांद्यात वाकलेला, साठीचा माणूस. काखेत नकाशांची पत्र्याची नळी. कोट काढायच्या आधी त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला भाजक्या चीजचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"कॉफीत बुडवायला. वहिनी करायची तसं होत नाही, पण चालतं."

"पुलावर अडवलं नाही?"

"अडवलं की. काही जाहीर करायचंय का, विचारलं. म्हटलं, नळीत आख्खी नगरपालिका आहे. त्याला विनोद कळला नाही. नळी उघडून आत बॅटरी मारून बघितलं."

ऐला हसली. ती हसली की तिचा चष्मा घसरायचा. त्याने ते पाहिलं आणि नजर वळवली.

दोन नगरपालिकांचा एकच नकाशा करायचं ठरलं होतं, ते फेब्रुवारीत जे झालं त्यामुळे. पलीकडच्या काठावरच्या एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. भर दुपारची वेळ. तिकडची रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन दूरच्या इस्पितळात गेलेली. बायकोने फोन लावला, पण घाबरल्यामुळे तिला स्वीडिश शब्दच सुचेनात. ती आपल्या खोऱ्याच्या फिनिश बोलीत बोलायला लागली. तिकडे फोन घेणाऱ्याला ती कळेना, म्हणून त्याने फोन फिनलंडच्या बाजूला जोडून दिला. इथे तिचा शब्दन् शब्द कळला. तिने सांगितलं, "हारिनिएमी. पिवळं घर." हारी म्हणजे नदीतला एक मासा, निएमी म्हणजे पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक. इथल्या माणसाने नकाशा पाहिला, त्यात हारिनिएमी होतं, आणि गाडी तिथे गेली. ते आपल्या काठावरचं हारिनिएमी होतं, वीस किलोमीटर खाली. पलीकडेही त्या नावाची जागा आहे हे कुठल्याच कागदावर नव्हतं. बरोबर घर सापडेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. तोवर म्हातारा गेला होता.

पेपरात आलं, दोन्हीकडच्या सभांमध्ये आवाज चढले, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हे काम ऐला आणि रागनार यांच्या टेबलावर आणून टाकलं.

खालून दिवे असलेल्या काचेच्या टेबलावर त्यांनी दोन्ही नकाशे शेजारीशेजारी पसरले आणि कडा जुळवल्या. कडा जुळेनात.

"तुझा काठ माझ्या नदीत आलाय," ऐला म्हणाली.

"तुझी नदी माझ्या बटाट्यांत शिरलीय."

"आणि हे काय? पाण्यात सौना?"

"ते पाण्यात नाहीय. ते माझ्या सासऱ्यांचं वाफेचं न्हाणीघर आहे, चाळीस वर्षं कोरड्या जमिनीवर उभं आहे. पाणी तुझं चुकलंय."

दोन देशांनी दोन वेगळ्या ठिकाणांपासून मोजायला सुरुवात केली होती, एवढंच. दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच दुरुस्त करणं अवघड होतं. मग त्यांनी दोन्ही काठांवरून दिसतील अशा खुणा शोधल्या: दोन चर्चचे मनोरे, पुलाचे खांब, नदीतला एक मोठा खडक. त्या खुणा दोन्हीकडून मोजून घेतल्या आणि त्यांच्याभोवती सगळं हळूहळू सरकवत नेलं. दर बुधवारी एक आठवडा तो यायचा, एक आठवडा ती जायची. जूनपर्यंत नदी एक झाली.

राजधान्यांची परवानगी यायची होती. ऐलाचे साहेब म्हणाले, कागद आल्याशिवाय नकाशा पलीकडे द्यायचा नाही. ऐला म्हणाली, "देत नाहीय. तो फक्त बघायला येतो." साहेबांनी पुढे काही विचारलं नाही.

आता नावं राहिली होती. ऐलाने पहिल्यापासून ठरवलं होतं, की लोक जे नाव तोंडाने घेतात तेच नकाशावर हवं. फोनवर रडणारी बाई सरकारी नाव आठवत बसत नाही.

"घरोघरी जाऊन विचारू," ती म्हणाली. "होडी माझ्या भावाची आहे."

"माझ्या नकाशावर नावं आहेत की," रागनार म्हणाला.

"ती कुणी म्हणतं का?"

तो पेन्सिलीला टोक काढत बसला. टोक आधीच चांगलं होतं.

जुलैत ते निघाले. त्या महिन्यात आमच्याकडे सूर्य मावळल्यासारखं करतो आणि परत येतो. लोक रात्रभर अंगणात असतात, त्यामुळे विचारायला माणूस नेहमी सापडतो. एका घरी ओइवा नावाचा ऐंशीचा कोळी जाळं शिवत बसला होता, शेजारी त्याची बहीण. ऐलाने काठाजवळचा एक टोकदार खडक दाखवून नाव विचारलं.

"म्हातारीचा दात," ओइवा म्हणाला.

"खोटं," बहीण म्हणाली. "सासूचा दात. बाबा कायम सासूचा दात म्हणायचे. याचं लग्न झालं आणि याने नाव बदललं."

"तुला काय माहीत? तू तेव्हा पाळण्यात होतीस."

"पाळण्यात होते, बहिरी नव्हते."

"लिहू काय मग?" ऐलाने विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी ओइवा जाळ्यात मान घालून म्हणाला, "सासूचा लिही. ती काय, मेली आता."

होडीत परत बसल्यावर रागनार पोट धरून हसला. एवढं हसताना ऐलाने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. त्याने वल्ही मारली, तिने वहीत लिहिलं: राखेचं बेट, आंधळी खाडी, देवाची कढई, मायाची गवतवाट. ही माया कोण, ते कुणालाच सांगता आलं नाही. पलीकडच्या काठावर तर गंमतच होती. रागनारच्या छापील नकाशावर एक नाव, आणि माणसं भलतंच सांगायची. छापील नाव वाचून दाखवलं की म्हातारे विचारायचे, "ते कुठं आलं?" प्रत्येक वेळी रागनारचा चेहरा मिटल्यासारखा व्हायचा. ऐलाला वाटलं, कामात खोट निघाली म्हणून असेल.

ऑगस्टमध्ये ते एका लांब टोकाजवळून गेले. टोकावर पिवळं घर होतं. अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती. होडी पाहून तिने हात कपाळावर नेला, कोण ते बघायला. रागनारने वल्ही जोरात ओढली.

"इथे थांबायचं ना?"

"इथलं झालंय माझं."

"वहीत तर काही नाही."

"झालंय म्हटलं ना!"

तो तिच्यावर पहिल्यांदाच खेकसला होता. तिने वही मिटली.

शनिवारी ऐला सायकल काढून एकटीच पलीकडे गेली. पिवळ्या घरातल्या बाईने तिला दारात उभं ठेवलं नाही. जवाची चपटी भाकरी अजून गरम होती. त्यावर लोणी लावून पुढ्यात ठेवली आणि मगच विचारलं, कोण तू.

"ऐला. पलीकडच्या ऑफिसातून. नवीन नकाशा करतोय, त्यासाठी जागांची नावं गोळा करतेय."

"आता करताय होय," बाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती खुर्चीवर बसली आणि एप्रनची घडी गुडघ्यावर सारखी करत राहिली. तिचं नाव हेल्मी लांतो. फेब्रुवारीत गेलेला म्हातारा, वालफ्रिद, तिचा नवरा. मेलेल्याचं आडनाव लांतो आहे हे ऐलाने पेपरात वाचलं होतं. पण त्या काठावर दर तिसरं घर लांतोचं, म्हणून तिने दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या.

"रागनार लांतो तुझा कोण?"

"धाकटा दीर. तुझ्याबरोबर होडीत होता तोच. ओळखलं मी, त्याची वल्ही मारायची तऱ्हा मी विसरेन होय? चौदा वर्षांचा होता मी लग्न होऊन आले तेव्हा. माझ्याच हातचं खाऊन वाढला." हेल्मी खिडकीकडे बघत म्हणाली. "मातीच्या दिवशी दारापर्यंत आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि गेला. तेव्हापासून उंबरा ओलांडला नाही त्यानं. सरपण आणून टाकतो, छपराचं पत्रं ठोकून जातो, सगळं बाहेरच्या बाहेर. मी हाक मारली की म्हणतो, घाई आहे. काय घाई असते गं त्याला?"

ऐलाने वही उघडली. "या जागेला काय म्हणता?" तिने विचारलं.

"हारिनिएमी. दुसरं काय म्हणणार? माझी सासू म्हणायची, तिची सासू म्हणायची." ती थांबली. "फोनवर तो मुलगा चांगला होता. म्हणाला, सापडलं आजी, गाडी निघाली. मी यांना सांगितलं, सापडलं, गाडी निघाली. त्यांना बरं वाटलं ते ऐकून. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, की आलीच आता गाडी."

पुढच्या बुधवारी पलीकडे जायची पाळी ऐलाची होती. रागनारच्या ऑफिसात ती कोट न काढताच उभी राहिली.

"मी हेल्मीकडे जाऊन आले."

रागनारने मान हलवली, जणू हे कधीतरी होणारच होतं. तो उठला, कपाटाचा सगळ्यांत खालचा लांब खण ओढला आणि एक जुना, कडा पिवळ्या पडलेला नकाशा काढला. त्याने तो काचेच्या टेबलावर पसरला आणि खालचे दिवे लावले.

"बघ."

आधी तिला काही दिसलं नाही. मग दिवे पूर्ण लागले आणि जागोजागी कागद पातळ झालेला दिसला. बोटाएवढे लांब, उजळ पट्टे. ब्लेडने खरवडून शाई काढली की कागद तसा होतो; नकाशे काढणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. पट्ट्यांवर नवी नावं होती, सुंदर अक्षरात. लांब टोकाच्या जागी नॉरुडेन असं लिहिलं होतं. उत्तरेकडचं टोक.

"एकशे चौदा," रागनार म्हणाला. "बासष्ट साली वरून यादी आली. ही जुनी नावं काढा, ही स्वीडिश नावं घाला. मी नवीन लागलो होतो. साहेब म्हणाले, लांतोचं अक्षर चांगलं आहे, त्याला द्या. तीन आठवडे बसलो होतो ब्लेड घेऊन."

"हुकूम होता."

"ऐक तर. हुकूम होता हे मीही स्वतःला सांगतो. शाळेत आम्हाला घरची बोली बोलायची बंदी होती. बोललं की फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. मी सगळ्यांत जास्त उभा राहिलो, वर्गात त्यावरून चिडवायचे. मग मी ठरवलं, बोलायचंच नाही. आणि ब्लेड हातात आलं ना, ऐला, तेव्हा बरं वाटलं मला. वाटलं, आता कुणाला त्यासाठी उभं राहावं लागणार नाही. आमच्या घराचं नाव मी सगळ्यांत आधी काढलं."

त्याने दिवे बंद केले. नकाशा पुन्हा साधा, पिवळट झाला.

"ते नाव नकाशावर असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, कुठलं हारिनिएमी? एवढंच विचारायला हवं होतं. माझ्यामुळे तेवढंही विचारलं गेलं नाही."

ऐला स्टुलावर बसली. त्याची समजूत काढावी असं तिला वाटलं, पण त्याला समजूत नको होती हेही दिसत होतं. तिने चष्मा काढला आणि काचा पुसायला घेतल्या.

"माझी आई तुमच्या बाजूची," ती म्हणाली. "लग्न होऊन आमच्याकडे आली, तेहतीस साली. शेवटची दोन वर्षं अंथरुणातच होती. एकदा म्हणाली, तू एवढे नकाशे काढतेस, माझं माहेर दाखव की. मी ऑफिसातून मोठा नकाशा नेला. ती बोटाने नदीपर्यंत आली, आणि तिथून पुढे कागद कोरा. म्हणाली, कुठं गेलं? मी म्हटलं, आई, आमच्याकडे ते नसतं. ती म्हणाली, असं कसं नसेल, मी तिथेच तर जन्मले." ऐलाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू एकशे चौदा नावं काढलीस. मी बत्तीस वर्षं आख्खा काठच कोरा ठेवला. मला तर कुणी हुकूमही दिला नव्हता. विचारावंसंच वाटलं नाही कधी."

खिडकीबाहेर शाळा सुटली होती. मुलं आरडाओरडा करत पुलाकडे पळत होती.

"हेल्मीला माहीत नाही," रागनार म्हणाला.

"नाही. मी सांगितलं नाही."

"सांगायला हवं."

"तू सांगायला हवंस," ऐला म्हणाली आणि उठून कोट काढला. "आता कामाला लाग. तुझ्या बाजूची नावं तू लिही. माझं अक्षर तुझ्या काठावर शोभायचं नाही."

तो हिवाळा त्यांनी लिहिण्यात काढला. रागनारने आपल्या काठावरची नावं एकेक करून लिहिली. ज्या जागांना सरकारी नाव होतं तिथे ते खाली लहान अक्षरात ठेवलं. ते पुन्हा खरवडायची त्याची तयारी नव्हती. "तेही कुणीतरी म्हणत असेल एव्हाना," तो म्हणाला. "तीस वर्षं झाली." हारिनिएमीपाशी आला त्या दिवशी त्याने सकाळी पेन भरलं, निब पुसलं, पुन्हा भरलं. ऐलाने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि आपल्या बाजूच्या हारिनिएमीपुढे "फिनलंड काठ" असं जोडत बसली. दुपारी तिने सहज मान वर केली तेव्हा तो पुढच्या खाडीवर गेलेला होता. टोकावरची शाई वाळली होती.

हेल्मीला सांगितलंस का, असं तिने विचारलं नाही. दर बुधवारी तो आला की ती त्याचा चेहरा बघायची, आणि समजायची, की अजून नाही.

परवानगीचे कागद जानेवारीत आले. मार्चमध्ये नकाशा छापून झाला. आमच्या सभागृहात कार्यक्रम झाला. दोन्हीकडचे अध्यक्ष, अग्निशामक दलाचे लोक, रुग्णवाहिकांचे चालक, क्रीमचा मोठा केक. भाषणं दोन भाषांत झाली, त्यामुळे दुप्पट वेळ लागला. अध्यक्षांनी रागनारचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला सांगितलं, तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. ऐला दाराकडे बघत राहिली. मग तिने छापील नकाशांच्या गठ्ठ्यातून एक प्रत काढली, गुंडाळी केली, आणि केक न खाताच बाहेर पडली.

हारिनिएमीच्या अंगणात रागनारची गाडी होती. पायरीवर कुणी नव्हतं. आत दाराशी त्याचे बूट होते, एकाला एक लावून ठेवलेले.

तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. त्याचे डोळे लाल होते. हेल्मी भांडी पुसत होती. तिने ऐलाला खुर्ची दाखवली.

"सकाळी आला," ती म्हणाली, जणू रागनार तिथे नव्हताच. "दारात उभा राहून सगळं सांगितलं. ब्लेडचं, यादीचं, शाळेचं. मी म्हटलं, बूट काढ आणि आत ये, थंडी येतेय घरात."

"वहिनी, तू काही बोलली नाहीस पण," रागनार म्हणाला.

"काय बोलू? त्यांना शाळेतलं माहीत होतं. ते म्हणायचे, आमचा रागनार घरी आला तरी कुजबुजत बोलतो." तिने फडकं वाळत टाकलं. "रागवले मी. सकाळभर रागवलेली आहे, अजून आहे. म्हणून काय तू बाहेर उभा राहणार?"

ऐलाने नकाशा टेबलावर उघडला. चार कोपऱ्यांवर साखरदाणी, दोन कप आणि तिचा स्वतःचा हात. नदी मधून वाहत होती आणि दोन्ही बाजूंना घरं, शेतं, वाटा होत्या. कुठेही पांढरं नव्हतं. हेल्मी वाकून बघत राहिली.

"अक्षरं बारीक आहेत. मला दिसत नाहीत. रागनार, वाच."

"सगळी?"

"चर्चपासून खाली. दोन्हीकडची."

रागनार नकाशावर वाकून वाचायला लागला. सुरुवातीला आवाज इतका हळू होता, की हेल्मीने कानामागे हात धरला. राखेचं बेट. सासूचा दात. तिथे हेल्मी खुदकन हसली आणि म्हणाली, "म्हातारीचा नाही ना लिहिलात? बरं केलंत." आंधळी खाडी. देवाची कढई. या काठावरचं एक, त्या काठावरचं एक, नदी ओलांडत तो वाचत गेला, आणि हळूहळू त्याचा आवाज होडीतल्यासारखा मोठा झाला. मायाची गवतवाट. हारिनिएमी. तिथे तो थांबला.

"पुढं," हेल्मी म्हणाली.

तो पुढे वाचत गेला. शेवटच्या खाडीपर्यंत आला तेव्हा बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

"काही राहिलंय का गं?" ऐलाने विचारलं आणि पर्समधून पेन्सिल काढली. "दोन वर्षांनी पुन्हा छापायचाय. तेव्हा घालता येईल."

हेल्मी खिडकीकडे वळली. काठाशी एक सपाट दगड होता. वाऱ्याने त्याच्यावरचा बर्फ निम्मा उडवून नेला होता.

"तो दगड आहे. ते मासे धरून आले, की घरात यायच्या आधी त्याच्यावर बसायचे. जाळं झटकायचे, जरा नदीकडे बघत राहायचे. मला इथून दिसायचे. ते बसलेले दिसले की मी कॉफी ठेवायची. उठून दारात येईपर्यंत बरोबर व्हायची."

"काय म्हणायचात त्याला?"

"कॉफीचा दगड." बोलून झाल्यावर ती जरा गोंधळली, चुकून काहीतरी हातातून सांडल्यासारखी. ऐलाची पेन्सिल कागदावर टेकली होती. "नको, लिहू नकोस ते. ते आमच्या दोघांचंच होतं."

ऐलाने पेन्सिल उचलली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

हेल्मी अजून खिडकीशीच होती. थोड्या वेळाने ती वळली, कॉफीच्या भांड्यात तीन कपांचं पाणी मोजून घातलं आणि भांडं चुलीवर ठेवलं.